समोरची भिंत

२४ नोव्हेंबर १९९५, शुक्रवार

ही डायरी गेल्या वर्षीची. दूध प्रकल्पातून ह्यांना मिळाली होती, ती कोरीच राहिली. वार चुकीचे छापलेले आहेत, ते खोडून लिहिते आहे. हे मस्कतला डेअरीच्या नोकरीवर जाऊन पंधरवडा झाला. जाताना म्हणाले होते, "रोजचं लिहीत जा. तुम्ही तिकडं आलात की मी वाचीन. म्हणजे मधले महिने माझ्याही वाट्याला आले."

आज पहिला फोन. समोरच्या सोमनाथच्या एसटीडी बूथवर करायचा ठरलं होतं. शुक्रवारी तिकडे सुट्टी असते. पायलनेही चार वाक्यं बोलून घेतली. यांनी सांगितलं की बायकोमुलीला आणायचं तर आधी घर भाड्याने घ्यावं लागतं. करार नगरपालिकेत नोंदवायचा, तो दाखवला की मग व्हिसाचा अर्ज. म्हणाले, "आणि एक सांगू राजी? इथं घर बघताना आडनाव विचारत नाहीत. पगाराचा दाखला मागतात, बास."

मी म्हटलं, मग लगेच बघा.

बारामतीत ही खोली बघताना काय झालं होतं ते मला विसरता येत नाही. एमआयडीसीत नोकरी, कायम ऑपरेटर, सगळं ऐकून लोक खूश व्हायचे आणि मग शेवटी तो प्रश्न यायचा. "कंचं गाव? आडनाव?" आणि मग खोली कालच दिलेली निघायची. इथे केसरबाईंनीही विचारलं. हे म्हणाले, मोरे. "कुठलं मोरे?" शेळगावचे. "मग माझ्या माहेरच्या भावकीतलंच निघताल बघा कुठंतरी!" असं म्हणून केसरबाई हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. हे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्या न बोलण्यावर आम्ही तीन वर्षं इथे राहतो आहोत.

६ डिसेंबर, बुधवार

फोटो कपाटात आहे. बुद्ध आणि बाबासाहेब एकाच चौकटीत, लग्नात मामांनी दिलेला. साड्यांच्या मागे उभा ठेवला आहे. रोज सकाळी पुढचं दार लावून पायल विचारते, "आई, कपाट उघडू?" मग आम्ही दोघी हळू आवाजात वंदना म्हणतो. आज मेणबत्ती लावायची होती. कपाटात लावली तर साड्या पेटतील. शेवटी मोरीत लावली.

२२ डिसेंबर, शुक्रवार

घर सापडलं! रुवी म्हणून भाग आहे तिकडे, तिथे दुसरा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघराला निळ्या फरश्या. मी एकेक विचारत गेले आणि हे सांगत गेले. दार कुठल्या बाजूला, खिडकी कुठे, ओटा किती उंच. सोमनाथ घड्याळ बघून हसत होता. "वहिनी, मस्कतचा फोन आला की माझ्या बूथला खारं वारं सुटतं बघा. बाकीची गिऱ्हाईकं नुसती म्हशीचं आन् पावण्यांचंच बोलत्यात."

संध्याकाळी पायलने गच्चीवर खडूने घर काढलं. बालवाडीतून खडूचे तुकडे मीच आणते (तिथे मी शिकवते, तेव्हा त्याला चोरी म्हणू नये). पायलने सगळ्या खोल्या काढल्या आणि दारातून आत येऊन समोर बोट दाखवलं. "इथं फोटो."

हे मी तिला सांगितलं नव्हतं.

१२ जानेवारी १९९६, शुक्रवार

ते घर गेलं. दुसऱ्याच कुणी आधी करार केला. मला वाईट वाटलं ते ह्यांना कळलं असावं, कारण लगेच म्हणाले, "त्याच बिल्डिंगीत दुसरं बघितलंय. तिसरा मजला. ह्याला वारा जास्त." पुन्हा सगळं सांगितलं. न्हाणीघरातला डावीकडचा नळ आवळला तरी गळतो, बेडरूमचं दार जरा उचलून लावावं लागतं. मी म्हटलं, राहून आल्यासारखं सांगताय की! तर हसले. हसताना मागे काहीतरी खुळखुळत होतं, चाव्यांच्या जुडग्यासारखं.

पायलने गच्चीवरचं जुनं घर पायाने पुसलं आणि नवीन काढलं. केसरबाई पापड वाळत घालायला आल्या होत्या. घरात पाय पडेल म्हणून कडेकडेने गेल्या. "पायलबाई, तुमच्या बंगल्यात पापड घालू का? भाडं घेऊ नगा मातुर." पायलने त्यांना स्वयंपाकघर दिलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांनी काम बदललं. डेअरीत दूध कमी येतं म्हणून बरीच माणसं कमी केली, पण ह्यांना एका अरबाच्या बिल्डिंगीचं मेंटेनन्स मिळालं. म्हणजे बढतीच. इकडे मशीन बंद पडलं की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, तिकडे तसं नाही. आवाज मात्र बसलेला वाटला. विचारलं, तर म्हणाले एसीमुळे. राहायची सोयही त्याच बिल्डिंगीत केली आहे, गच्चीवर खोली आहे. मी म्हटलं, म्हणजे हवा भरपूर.

तिसऱ्या मजल्यावरचं घर पण गेलं. किती लवकर जातात घरं तिकडे!

१ मार्च, शुक्रवार

आज रडले, आणि सोमनाथसमोर रडले. त्याने दुसरीकडे बघत पंखा मोठा केला.

घर पक्कं झालं. पहिला मजला. वर चढायची दगदग नाही, पायलला शाळेची बस खालीच मिळेल. खिडकीतून समुद्र दिसतो. हे म्हणाले, "राजी, आज एक काम केलं. समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला. दार उघडलं की पहिलं तेच दिसंल."

मी विचारलं, घरमालक काही म्हणाला नाही? तर म्हणाले, "इथं कोण विचारतंय, भिंतीवर काय लावता म्हणून."

किती वर्षं मी त्या साड्यांमागे हात घालते आहे. घरी आले, दार लावलं, कपाट उघडलं आणि फोटोला सांगितलं. वेडेपणाच तो.

२० मार्च, बुधवार

पाडवा. केसरबाईंनी दारात गुढी उभी केली आणि मला म्हणाल्या, "दर वर्सी तुमची कशी गं गुढी न्हाय?" दर वर्षी काहीतरी कारण असतं. मागे पायलला गोवर होता, त्याआधी सुतक सांगितलं होतं. या वेळी म्हटलं, हे नाहीत इथे, एकटीने नको वाटतं.

मग बसल्याबसल्या त्यांना सांगून टाकलं की मेअखेर खोली सोडणार. सांगायलाच हवं होतं. ऐनवेळी सांगितलं तर त्यांना भाडेकरू कसा मिळणार? केसरबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आता कुणाला देऊ गं खोली? तुमच्यासारखी घरंदाज माणसं घावत न्हाईत. कोण कुठलं येतंय, कुणाला ठावं."

मी पुरणपोळी खाल्ली. चांगली झाली होती.

१२ एप्रिल, शुक्रवार

व्हिसाचं विचारलं. हे म्हणाले, कागद आत गेलेत. विमानाचं काय, पायलचा शाळेचा दाखला कधी काढू? "सावकाश. इतक्यात दाखला काढू नको," म्हणाले. मग घराचं विचारलं तर मात्र भरभर बोलले. ओट्याचा दगड काळा आहे. पडदे मी निवडायचे. एवढं बोलले आणि त्यांचं फोनचं कार्ड संपलं.

१४ एप्रिल, रविवार

आज जे केलं ते चूक की बरोबर, कळत नाही. आत्ता तरी बरोबर वाटतं आहे.

गावात सकाळपासून मिरवणुकीची तयारी. पायल दारात उभी राहून निळे झेंडे बघत होती. तिला सांगून ठेवलेलं आहे, आपण बघायचं, ओळख दाखवायची नाही. आत येऊन म्हणाली, "आई, आता तर आपण जाणारच आहोत ना?"

तेवढ्यावरून ठरवलं. समोरच्या भिंतीवर केसरबाईंनी दिलेलं साखर कारखान्याचं कॅलेंडर होतं, ते काढलं. फोटो पुसून त्याच खिळ्यावर लावला. मेणबत्ती लावली. दार उघडं ठेवलं. पायल आधी हळू म्हणत होती, मी म्हटलं, मोठ्याने म्हण. आमचा दोघींचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदा एवढा मोठा झाला असेल.

केसरबाई वाटीत आंबरस घेऊन आल्या. यंदाचा पहिला आंबा पायलला द्यायचा त्यांचा नेम आहे. उंबऱ्यात थांबल्या. भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. "व्हय का..." एवढंच म्हणाल्या. वाटी तशीच हातात घेऊन परत गेल्या.

पायल म्हणाली, "आजी रस द्यायला विसरली."

१७ एप्रिल, बुधवार

आप्पासाहेब, केसरबाईंचे यजमान, कधी आमच्या दाराशी येत नाहीत. आज आले. नजर पायातल्या वहाणांवर. "त्ये तुमी मेअखेर म्हणला होता. पर आमचं पावणं येणार हायती. ह्या म्हैनाअखेरला झालं तर बरं हुईल."

पाहुणे कोणी येणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

मी विचारलं, काकू रागावल्यात का? तर म्हणाले, "राग न्हाय वो. तिचं म्हणणं, आधी सांगायचं हुतं. तीन वर्सं एका ताटात जेवली पोरगी. तसं मला काय न्हाय. पर घरात देवघर हाय, आमची म्हातारी हाय..."

आधी सांगितलं असतं तर खोली मिळाली असती का, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. आपलं घर तयार आहे, महिना इकडे-तिकडे. त्यांच्यापुढे तोंड कशाला वाजवायचं? "सोडते," म्हटलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. परदेशात माणूस एकटा असतो, नसता घोर लागायचा. नुसतं विचारलं, आम्ही या महिन्याच्या शेवटी येऊ शकू का?

म्हणाले, "व्हिसाचा साहेब सुट्टीवर आहे. जून धरून चाल."

"मग आम्ही येईपर्यंत त्या घरात तुम्ही राहायला जा की. गच्चीवर उन्हात कशाला?"

म्हणाले, "तुम्ही आल्याशिवाय नको वाटतं."

अगदी मी केसरबाईंना गुढीचं सांगितलं होतं तसंच. ऐकून बरं वाटलं.

२५ एप्रिल, गुरुवार

जूनपर्यंतची सोय म्हणून खोली शोधते आहे. बालवाडी सुटली की पायलला घेऊन निघायचं. या वेळी मी आधीच सांगून टाकते. आडनाव मोरे, आम्ही बौद्ध. असं सांगितलं की वेळ वाचतो. एकीने तर फार मायेने विचारपूस केली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "कालच गेली बघा खोली. तुमी काल का न्हाय आला?" बाहेर पडलो तर फाटकावर पाटी तशीच. पायलने ती मोठ्याने वाचली. वाचनाचा नाद आहे तिला. "खोली भाड्याने देणे आहे."

आमच्या समाजाच्या वस्तीतही विचारलं. तिथे आहेत त्यांनाच जागा पुरत नाही. साखरबाई म्हणून एक आहेत, त्या म्हणाल्या, "माझ्यात ये, पण झोपशील कुठं? माझी पोरं पाळीनं झोपत्यात." तिथे मात्र पोटभर जेवून आलो.

३० एप्रिल, मंगळवार

सामान टेम्पोत भरलं. शेळगावला सासऱ्यांकडे जायचं. तिथे घर आपलंच आहे, पण बारामतीची बालवाडी सुटली आणि पायलची शाळाही बहुतेक सुटेल.

फोटो शेवटी काढला. त्याच खिळ्यावर कॅलेंडर परत लावलं, एप्रिलचं पान वर करून. उगाच कुणी म्हणायला नको, वस्तू नेली.

पायल केसरबाईंना सांगायला गेली. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. पायल पाया पडली. केसरबाईंनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, तो मध्येच थांबला, आणि त्यांनी स्वतःचाच पदर नीट केला. नंतर टेम्पो निघाला तेव्हा मी वळून पाहिलं. त्या सूप मांडीवर घेऊन तशाच बसल्या होत्या. निवडत नव्हत्या.

३ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. शेळगावात विहारात सगळे जमले होते. मी दुपारच्या एसटीने बारामतीला आले, कारण फोन सोमनाथच्या बूथवर येतो.

शेळगावात फोन नाही असं नाही. पण तिथे करा म्हटलं की खोली सोडल्याचं सांगावं लागेल, मग का सोडली तेही. हे लगेच नोकरी टाकून येतील, असे आहेत हे. जूनपर्यंतचाच तर प्रश्न.

सोमनाथला म्हटलं, भाऊ, यांना काही बोलू नका. तो म्हणाला, "वहिनी, माझं काम आवाज पोचवायचं. घर कुठंय हे इचारायचं न्हाय. तसं इचारायला लागलो तर बूथ बंद करावा लागंल."

ह्यांनी विचारलं, "खोलीत उकडत असेल ना? पंखा दुरुस्त केला का?" म्हटलं, केला. "केसरबाई काय म्हणतात?" म्हटलं, आंबरस देऊन गेल्या.

बूथच्या काचेतून खोलीचं दार दिसतं. कुलूप होतं.

१५ मे, बुधवार

इथे आमचाही फोटो समोरच्या भिंतीवर लावला; तिथे एक आहेच, कायमचाच. सासऱ्यांनी, तात्यांनी, छप्पन साली देव बाहेर काढले तेव्हापासून. तात्या सकाळी खणखणीत आवाजात वंदना म्हणतात, शेजारी ऐकू जावी अशी. पायल शेजारी बसते आणि हळूच पुटपुटते. तात्या म्हणतात, "अगं, घशात काय अडकलंय का? कुणाच्या बापाची भीती हाय?" ती मान हलवते, आणि तरी हळूच म्हणते.

आज वंदनेआधी उठून पुढचं दार लावायला गेली. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे वळले.

२७ मे, सोमवार

इंदापूरचे कुंडलिकराव आले होते. मस्कतला ड्रायव्हर आहेत, ह्यांच्या ओळखीचे (ह्यांना नुसतं दीपक म्हणतात), सुट्टीवर आलेत. ह्यांनी पायलला फ्रॉक, दुधाच्या पावडरीचे डबे आणि तात्यांना घड्याळ पाठवलं. पायल फ्रॉक घालूनच शेजारी पळाली.

मी पहिल्यांदा काय विचारलं असेल? घर. "भावजी, आपलं घर बघितलंत का?"

"बिल्डिंग बघितली की. दर शुक्रवारी तितंच असतो आमी, दीपकच्या खोलीवर."

"खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे."

कुंडलिकराव चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबले. "समुद्र? रुवीत चारी बाजूंनी डोंगरच हाय वो. समुद्र पलीकडं ऱ्हातो... म्हंजी, दिसत असंल. गच्चीवरनं दिसत असंल एखाद्या बाजूनं. मी काय नीट बघितलं न्हाय."

मग तेच बोलत राहिले. "पर दीपकला लई मान हाय तितं. सगळ्या बिल्डिंगीच्या चाव्या त्याच्याकडं. फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं की हाच दाखवतो. काय दाखवतो म्हणताय! खिडक्या उघडून, नळ सोडून. हितं पोरगी अभ्यासाला बसंल, हितं ह्ये ठेवा, तितं त्ये ठेवा. घर बघितलं की गिऱ्हाईक लगीच करार करतंय. अरब म्हणतो, ह्यो आल्यापास्नं माझा एक फ्लॅट रिकामा ऱ्हात न्हाय."

मला फार अभिमान वाटला. एवढ्या चाव्या परक्या माणसाच्या हाती कोण देतं? तात्यांना म्हटलं, बघा, तुमच्या मुलाचं नाव. तात्या कुंडलिकरावांना म्हणाले, "चा घे, निवला." मग विचारलं, "भुईवर झोपतो का खाटंवर?" कुंडलिकराव म्हणाले, "खाट हाय, तात्या. पाण्याच्या टाकीला लागून सावली पडती दुपारी."

तात्या घड्याळ न घालताच उठून विहाराकडे गेले. जेवायला आले नाहीत. ऊन फार झालं की त्यांची भूक जाते.

७ जून, शुक्रवार

व्हिसाचं अजून नाही. हे म्हणाले, नियम बदललेत, पगाराची अट वाढली. मी समुद्राचं विचारायचं ठरवून आले होते. विचारलं नाही. त्याऐवजी भिंतीचा रंग विचारला. "पिवळसर," म्हणाले.

पायलचं नाव शेळगावच्या शाळेत घालावं असं तात्यांचं म्हणणं. मी म्हटलं, थोडं थांबू या.

१४ जून, शुक्रवार

पायलला बरोबर आणलं होतं, नवा फ्रॉक घालून. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "बाबा, खिळा आहे का अजून?" मग मला म्हणाली, "आहे म्हणतात."

मी बोलायला घेतलं. गच्चीवर कपडे वाळत घालता येतात का, असं काहीतरी विचारत होते. तेवढ्यात तिकडून एका बाईचा आवाज आला. हिंदीत, पण आपल्याकडची हिंदी नाही, दक्षिणेकडची. चिडलेली होती. "वॉचमन! पहले माले में पानी नहीं आता, सुबह से बोला है, बच्चे का नहाना बाकी है!" आणि ह्यांचा आवाज, फोनपासून लांब, मी कधी न ऐकलेला. "आया मेमसाब, अभी आया मेमसाब." आणि चाव्या.

पहिला मजला आपला आहे.

ते परत फोनवर आले. "हां, बोल."

मी काचेतून बाहेर बघत होते. आमच्या खोलीचं दार उघडं होतं. आत नवे भाडेकरू आलेत. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर, पान जूनचं.

सोमनाथने एक स्टूल माझ्या पायाशी सरकवलं. मी बसले नाही.

"राजी? आहेस का?"

"आहे."

"काय झालं?"

मला आता सगळं एकदम दिसत होतं. दुसरा मजला गेला, तिसरा गेला, का गेले. गळणारा नळ, उचलून लावायचं दार, जानेवारीतच ऐकलेल्या त्या चाव्या. दुसऱ्या कुणाला दाखवायच्या आधी ते घर रिकामं असायचं, तेव्हा ते आत जाऊन उभे राहत असतील. हातोडी घेऊनही गेले असतील. खिळ्याचं खोटं नसणार. तेवढं मला ह्यांचं माहीत आहे.

विचारायला एकच वाक्य पुरलं असतं. मग ह्यांनीही विचारलं असतं, आणि मलाही सांगावं लागलं असतं की मी एसटीने येते, बूथमागच्या पत्र्याच्या शेडजवळ उभी राहून केस नीट करते आणि मग बूथमध्ये शिरते.

"काही नाही," मी म्हटलं. "आपल्या घरात पाणी येतं ना नीट?"

बाई पुन्हा ओरडली. ह्यांनी बहुतेक हाताने फोन झाकला.

"येतं," ते म्हणाले. "भरपूर येतं. तिकडे?"

"इकडंही येतं. केसरबाई सकाळीच मोटर लावतात."

"बरं," म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बरं."

कार्ड संपलं नव्हतं. तरी दोघांनीही फोन ठेवला.

सोमनाथने येणाऱ्या फोनचे कधी पैसे घेतले नाहीत, आजही नाही. पायलला एक गोळी दिली. एसटीत गर्दी होती. पायल मांडीवर बसून खिडकीच्या धुळकट काचेवर बोटाने घर काढत होती. दार, खिडकी, ओटा. समोरच्या भिंतीपाशी आली आणि थांबली.

"आई, तिकडं आता कुणी राहत नाही ना आपल्या घरात?"

"नाही," म्हटलं. "रिकामंच आहे."

१७ जून, सोमवार

आज शाळा सुरू झाली. तात्यांबरोबर जाऊन शेळगावच्या शाळेत पायलचं नाव घातलं. गुरुजींनी विचारलं, किती दिवसांसाठी? तात्या म्हणाले, "धरा की कायमचं." माझ्याकडे न बघता म्हणाले.

ही डायरी आता ह्यांना वाचायला देता येणार नाही. साड्यांच्या मागे ठेवली आहे. तिथे आता जागा आहे.